टेम्पडीबीच्या फाइल्स नीट लावून घ्या: एसक्यूएल सर्व्हर अचानक गळ्यात पडलेल्यांसाठी

छोट्या-मध्यम कंपन्यांत डीबीए (डेटाबेस सांभाळणारा) म्हणून वेगळा माणूस बहुतेक वेळा नसतोच. ईआरपीवाला व्हेंडर येतो, नेक्स्ट नेक्स्ट करत एसक्यूएल सर्व्हर टाकून जातो आणि मग जो नेटवर्क, प्रिंटर, सीसीटीव्ही बघतो त्याच्याच गळ्यात डेटाबेसही पडतो. मार्च एंडला अकाउंट्स, स्टोअर, डिस्पॅच सगळे एकदम रिपोर्ट काढायला बसले की सर्व्हर रांगायला लागतो, टास्क मॅनेजर उघडून बघावं तर सीपीयू निवांत, रॅम शिल्लक, तरी स्क्रीनवर गोल फिरतंय ते फिरतंयच. अशा वेळी लोक इंडेक्स बघतात, रॅम वाढवायचं कोटेशन मागवतात, पण एक जागा बघायची राहून जाते ती म्हणजे टेम्पडीबी, एसक्यूएल सर्व्हरची तात्पुरत्या कामाची डेटाबेस. प्रत्येक वेळी दोष तिचाच असतो असं अजिबात नाही, पण तपासायला अर्धा तास लागतो आणि नीट लावायला एक रात्रीचा रीस्टार्ट, त्यामुळे नवीन सर्व्हर हातात आला की पहिल्या आठवड्यात हे काम उरकून टाकावं असं माझं मत.

कमांड आणि व्ह्यूची (सर्व्हरची आतली माहिती टेबलासारखी दाखवतात ते) नावं मी खाली देवनागरीत लिहिली आहेत, क्वेरी विंडोत टाइप करताना ती, आकड्यांसकट, अर्थातच इंग्रजीत टाकायची.

टेम्पडीबीत नक्की काय काय येतं

मास्टर, मॉडेल, एमएसडीबी आणि टेम्पडीबी, या चार सिस्टिम डेटाबेस प्रत्येक इन्स्टन्सवर (मशीनवर टाकलेल्या एसक्यूएल सर्व्हरच्या प्रत्येक प्रतीवर) असतात. टेम्पडीबीचा डेटाबेस आयडी कायम २ असतो, हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. सर्व्हिस रीस्टार्ट झाली की ही डेटाबेस मॉडेलवरून नव्याने बनते, आत जे काही होतं ते गेलं. म्हणूनच तिचा बॅकअप घेता येत नाही आणि रिकव्हरी मॉडेल सिंपलच राहतं, बदलता येत नाही.

नावावरून वाटतं की आपण नावाआधी हॅश (#) लावून बनवलेली टेम्प टेबल्स तेवढी इथे जात असतील. ती जातातच, पण टेबल व्हेरिएबलही इथेच जातं ("ते मेमरीत असतं" असं कोणीतरी हमखास सांगतं, ते खरं नाही). मोठं सॉर्ट किंवा हॅश जॉइन मेमरीत मावलं नाही की इथे सांडतं, कर्सर इथे, ट्रिगरमधली इन्सर्टेड आणि डिलिटेड टेबल्स इथे, चेकडीबी (डेटाबेसची तपासणी) चालवली की तिचं काम इथे, आणि रीड कमिटेड स्नॅपशॉट चालू असेल तर जुन्या रोंच्या कॉप्या ठेवायचं व्हर्जन स्टोअरही साधारणपणे इथेच. शिवाय एका इन्स्टन्सवर दहा डेटाबेस असल्या तरी टेम्पडीबी एकच. म्हणजे पेरोलवाल्याने लिहिलेली भयानक क्वेरी डिस्पॅचवाल्याच्या चलनाला थांबवू शकते, दोघांच्या डेटाबेस पूर्ण वेगळ्या असल्या तरी.

आधी दुखतंय कुठे ते बघा

टेम्पडीबीचा त्रास तीन प्रकारचा असतो आणि तिन्हींचं औषध वेगळं. जागा संपणं, डिस्क स्लो असणं, आणि तिसरा प्रकार म्हणजे जागा वाटप करणाऱ्या पेजवर गर्दी. कुठेतरी वाचून थेट आठ फाइल्स करून टाकतात, डिस्कच स्लो असेल तर त्या आठ फाइल्सनी काहीही फरक पडत नाही आणि मग "टेम्पडीबीचं करून बघितलं, उपयोग नाही" असं म्हणून मोकळे होतात.

सर्व्हर रांगत असतानाच मॅनेजमेंट स्टुडिओ उघडून हे चालवा:

सिलेक्ट सेशन_आयडी, वेट_टाइप, वेट_ड्युरेशन_एमएस, रिसोर्स_डिस्क्रिप्शन
फ्रॉम सिस.डीएम_ओएस_वेटिंग_टास्क्स
व्हेअर रिसोर्स_डिस्क्रिप्शन लाइक '२:%'

समजा उत्तरात पंधरा-वीस ओळी आल्या, वेट टाइप पेजलॅच_यूपी किंवा पेजलॅच_ईएक्स (मेमरीतल्या पेजला हात लावायला आपली पाळी यायची वाट बघणं), आणि रिसोर्समध्ये २:१:१, २:१:१, २:१:३, परत २:१:१ असं दिसतंय. हे वाचायचं असं: पहिला २ म्हणजे टेम्पडीबी, मधला १ म्हणजे फाइल नंबर एक, शेवटचा आकडा म्हणजे त्या फाइलमधलं पेज. प्रत्येक डेटा फाइलचं पेज १ हे पीएफएस, कुठल्या पेजमध्ये किती जागा मोकळी आहे त्याची नोंदवही. पेज २ म्हणजे जीएएम आणि पेज ३ म्हणजे एसजीएएम, कुठले एक्स्टेंट वाटले गेलेत त्याची नोंद. एक पेज ८ केबीचं आणि आठ पेज मिळून ६४ केबीचा एक एक्स्टेंट. कोणीही टेम्प टेबल बनवलं किंवा काढून टाकलं की या नोंदवह्यांत खाडाखोड करावी लागते, आणि ती एका वेळी एकालाच करता येते. रेशनच्या दुकानात शिक्का मारणारा एकच माणूस असावा तसं, धान्य गोदामभर पडलंय पण रांग हलत नाही. पेज नंबर १, २, ३ च असेल असं नाही, पीएफएस दर ८०८८ पेजनंतर परत येतं आणि जीएएम दर ५,११,२३२ पेजनंतर, म्हणजे साधारण ४ जीबीला एक, तेव्हा २:१:८०८८ दिसलं तर तेही पीएफएसच, आणि ५,११,२३३ दिसलं तर ते एसजीएएम.

आता याच्यासारखंच दिसणारं दुसरं नाव म्हणजे पेजआयओलॅच. मध्ये "आयओ" आहे की नाही ते डोळे फाडून बघा, कारण अर्थ पूर्ण बदलतो. आयओ असेल तर पेज डिस्कवरून यायची वाट बघणं चाललंय, म्हणजे प्रश्न डिस्कचा किंवा जास्तीच्या वाचनाचा आहे. त्यासाठी सिस.डीएम_आयओ_व्हर्च्युअल_फाइल_स्टॅट्स हे फंक्शन २ आणि नल देऊन चालवा, वाचण्यात गेलेले एकूण मिलिसेकंद भागिले वाचनांची संख्या, तसंच लिहिण्याचंही, सरासरी निघते. एसएसडीवर हा आकडा एक-दोन मिलिसेकंदांच्या आसपास असावा, पन्नास-शंभर येत असेल तर फाइल्सची संख्या मोजत बसण्यात अर्थ नाही, आधी डिस्कवाल्याला गाठा. हे आकडे सर्व्हिस चालू झाल्यापासूनचे एकत्र असतात, म्हणून एकदा आता आणि एकदा तासाभराने चालवून वजाबाकी करा, नाहीतर महिन्याभराच्या सरासरीत आजची बोंब दिसणारच नाही.

जागा संपलीय हे मात्र ओळखावं लागत नाही, एरर लॉगमध्ये ११०५ नंबरची एरर येते, टेम्पडीबीची लॉग फाइल (बदलांची नोंद ठेवणारी) भरली असेल तर ९००२.

फाइल्स किती

नियम सोपा आहे. लॉजिकल प्रोसेसर (विंडोजला दिसणारे कोअर) आठ किंवा कमी असतील तर जितके प्रोसेसर तितक्या डेटा फाइल्स. आठपेक्षा जास्त असतील तर आठवर थांबा, वरची क्वेरी परत चालवा, गर्दी अजून दिसतेय तरच चार-चारने वाढवा. चौसष्ट कोअर आहेत म्हणून चौसष्ट फाइल्स करणारे बघितलेत, गरज नसताना फक्त पसारा वाढतो.

एसक्यूएल सर्व्हरच्या २०१६ व्हर्जनपासून इन्स्टॉलर स्वतःच हे विचारतो, टेम्पडीबीचा वेगळा टॅबच येतो आणि कोअर बघून आठपर्यंत फाइल्स तो आपणहून भरून ठेवतो. त्यामुळे नवीन इन्स्टॉल असेल तर संख्या बहुतेक बरोबरच असते. घोळ असतो तो जुन्या सर्व्हरवर. २०१४ आणि त्याआधी एकच डेटा फाइल, ८ एमबीची, दहा टक्के ग्रोथ (भरली की आपोआप तेवढी वाढणार), आणि व्हेंडरने ते तसंच सोडलेलं. तिथे ट्रेस फ्लॅग (सर्व्हरचं वागणं बदलणारे स्विच) १११७ आणि १११८ स्टार्टअपला लावायची पद्धत होती, पहिल्याने सगळ्या फाइल्स एकदम वाढतात आणि दुसऱ्याने मिक्स्ड एक्स्टेंट बंद होऊन एसजीएएमवरची गर्दी कमी होते. २०१६ पासून टेम्पडीबीपुरतं हे वागणं मुळातच आहे, नवीन सर्व्हरवर हे फ्लॅग लावायला कोणी सांगितलं तर तो माणूस जुनी वही वाचतोय.

साइज, सगळ्यात जास्त चुकतं ते इथे

फाइल्सच्या संख्येपेक्षा सगळ्या फाइल्स सारख्या साइजच्या असणं जास्त महत्त्वाचं आहे, आणि हे कोणी बघत नाही. एसक्यूएल सर्व्हर एका फाइलग्रुपमधल्या फाइल्समध्ये लिखाण वाटतो ते मोकळ्या जागेच्या प्रमाणात. समजा जुनी टेम्पडेव्ह नावाची फाइल वाढत वाढत ४० जीबी झालीय आणि तुम्ही शेजारी १-१ जीबीच्या सात नवीन फाइल्स जोडल्यात. मोकळी जागा सगळी त्या मोठ्या फाइलमध्ये, म्हणजे बहुतेक सगळं वाटप तिथेच जाणार, तीच ती २:१:१ ची रांग, आणि सात फाइल्स शोभेला. कागदावर मात्र "आठ फाइल्स आहेत" हे खरंच असतं.

तेव्हा आधी बघा आज काय आहे. यात एक मजा आहे जी माहीत नसेल तर गोंधळ उडतो. टेम्पडीबीमध्ये जाऊन सिस.डेटाबेस_फाइल्स बघितलं तर आत्ताची खरी साइज दिसते, आणि सिस.मास्टर_फाइल्समध्ये डेटाबेस आयडी २ बघितला तर रीस्टार्टनंतर जी होणार ती साइज दिसते. दोन्हीकडे साइज कॉलममधला आकडा ८ केबीच्या पेजमध्ये असतो, १२८ ने भागलं की एमबी मिळतात. हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवा. मास्टर फाइल्समध्ये ८ एमबी आणि डेटाबेस फाइल्समध्ये ६,००० एमबी असं दिसलं तर समजायचं की दर रीस्टार्टनंतर ही बिचारी परत आठ एमबीपासून सुरू होते आणि सकाळी ऑफिस भरल्यावर, लोक काम करत असताना, थोडी थोडी करत सहा जीबीपर्यंत चढते. रीस्टार्टनंतर पहिला दिवस सर्व्हर सुस्त असतो अशी तक्रार येत असेल तर हेही एक कारण असू शकतं.

मग किती ठेवायची? आत्ता जी चढून बसलीय तो आकडा म्हणजे गरजेचा पुरावा, फक्त तो महिना अखेर आणि इंडेक्स रीबिल्ड दोन्ही होऊन गेल्यानंतरचा घ्या, सोमवारी रीस्टार्ट करून मंगळवारी मोजलं तर काय कळणार. टेम्पडीबीला स्वतंत्र ड्राइव्ह मिळाला असेल तर काम अजून सोपं, तो ड्राइव्ह आधीच बऱ्यापैकी भरून टाकायचा. समजा टी ड्राइव्ह १०० जीबीचा आणि आठ कोअर. आठ फाइल्स ८-८ जीबीच्या म्हणजे ६४, लॉग १२, झाले ७६, उरले २४. मॅनेजमेंट स्टुडिओत डेटाबेसेस, सिस्टिम डेटाबेसेस, टेम्पडीबीवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, फाइल्स, तिथे इनिशियल साइजच्या कॉलममध्ये प्रत्येक डेटा फाइलला ८१९२ आणि लॉगला १२२८८ टाका. नवीन फाइल्स ॲड बटणाने तिथेच जोडता येतात, नावं टेम्प२, टेम्प३ अशी ठेवा म्हणजे पुढच्याला कळेल. साइज वाढवणं आणि फाइल जोडणं दोन्ही लगेच लागू होतं, रीस्टार्ट लागत नाही, पण मधल्या काळात जुनी मोठी फाइल असेल तर वाटप समतोल व्हायला रीस्टार्ट झालेलाच बरा.

ऑटोग्रोथ चालूच ठेवा, बंद करायला सांगणारेही भेटतात, त्यांचं ऐकू नका. पण टक्क्यांत नको, ठरावीक एमबीत, आणि सगळ्या फाइल्सना तीच. इथे एक हिशोब विसरला जातो: २०१६ पासून टेम्पडीबीच्या सगळ्या फाइल्स एकदम वाढतात. म्हणजे ग्रोथ १ जीबी ठेवली तर एका झटक्यात ८ जीबी जाणार, वरच्या उदाहरणात उरलेल्या २४ जीबीत असे तीनच झटके मावतात. ५१२ एमबी ठेवली तर एकदा वाढताना ४ जीबी, सहा वेळा. मी ५१२ ठेवीन. ऑटोग्रोथ म्हणजे गाडीतली स्टेपनी, तिच्या भरवशावर प्रवास आखायचा नाही.

ही एक परवानगी द्यायला विसरू नका

फाइल वाढताना विंडोज ती नवीन जागा आधी शून्यांनी भरतं आणि तेवढा वेळ ज्या क्वेरीमुळे फाइल वाढली ती ताटकळत बसते. हे टाळायला इन्स्टंट फाइल इनिशियलायझेशन आहे. लोकल सिक्युरिटी पॉलिसी उघडा, लोकल पॉलिसीज, यूजर राइट्स असाइनमेंट, त्यात "परफॉर्म व्हॉल्यूम मेंटेनन्स टास्क्स" म्हणून ओळ आहे, तिथे एसक्यूएल सर्व्हरचं सर्व्हिस अकाउंट ॲड करा आणि सर्व्हिस रीस्टार्ट. २०१६ पासून इन्स्टॉल करतानाच याचा चेकबॉक्स येतो, नेक्स्ट नेक्स्टवाल्यांनी तो मारलेला नसतो. चालू आहे की नाही ते सिस.डीएम_सर्व्हर_सर्व्हिसेसमध्ये इन्स्टंट_फाइल_इनिशियलायझेशन_एनेबल्ड या कॉलममध्ये वाय किंवा एन असं दिसतं. लॉग फाइलला मात्र याचा फायदा नाही (२०२२ मध्ये ६४ एमबीपर्यंतच्या लॉगच्या ऑटोग्रोथला मिळायला लागला), म्हणून लॉगची साइज आधीच मोठी ठेवायची. आणि इन्स्टन्सवरच्या एका जरी डेटाबेसला टीडीई (डिस्कवरच्या फाइल्स कुलूपबंद ठेवणारं) एन्क्रिप्शन लावलेलं असेल तर टेम्पडीबीही आपोआप एन्क्रिप्ट होते, मग ही सोय तिथेही मिळत नाही, अशा ठिकाणी साइज आधीच भरून ठेवणं अजूनच गरजेचं.

दुसऱ्या ड्राइव्हवर हलवणं

डीफॉल्ट इन्स्टॉलमध्ये टेम्पडीबी बहुतेक वेळा सी ड्राइव्हवर, विंडोजच्याच शेजारी जाऊन बसते. ती वाढत वाढत सी भरला की एसक्यूएलबरोबर अख्खं विंडोजच आचके देतं. त्यामुळे परफॉर्मन्सचा विचार बाजूला ठेवला तरी निदान एवढ्यासाठी हलवा. नवीन ड्राइव्ह फॉरमॅट करताना अलोकेशन युनिट ६४ केबी ठेवा. टेम्पडीबीत कायमचा डेटा नसतो म्हणून काहीजण तिला रेड झिरोवर (वेगासाठी जोडलेल्या डिस्क, पण एक गेली की सगळं गेलं) टाकतात, पण डिस्क गेली की डेटा नाही गेला तरी सर्व्हर बंदच पडतो, आणि दुपारी तीनला बंद पडलेला सर्व्हर कोणाला समजावून सांगणार.

क्रम असा. आधी नवीन फोल्डर बनवा, समजा टी ड्राइव्हवर टेम्पडीबी नावाचा, आणि त्यावर सर्व्हिस अकाउंटला फुल कंट्रोल द्या, डीफॉल्ट इन्स्टन्सला ते एनटी सर्व्हिस, बॅकस्लॅश, एमएसएसक्यूएलसर्व्हर असं असतं. मग सिस.मास्टर_फाइल्समधून डेटाबेस आयडी २ ची लॉजिकल नावं आणि आत्ताचे पाथ काढून कुठेतरी सेव्ह करून ठेवा, ही पायरी गाळू नका. प्रॉपर्टीजच्या खिडकीतून जुन्या फाइलचा पाथ बदलता येत नाही, त्याला क्वेरीच लागते, प्रत्येक फाइलसाठी एक ओळ:

अल्टर डेटाबेस टेम्पडीबी मॉडिफाय फाइल (नेम = टेम्पडेव्ह, फाइलनेम = 'टी:\टेम्पडीबी\टेम्पडीबी.एमडीएफ')

याप्रमाणे टेम्प२ ते टेम्प८ आणि टेम्पलॉग. चालवल्यावर मेसेज येतो की पुढच्या वेळी डेटाबेस सुरू होताना नवीन पाथ वापरला जाईल. फाइल्स कॉपी करायच्या नाहीत, त्या रीस्टार्टला नवीन जागी आपोआप बनतात. रीस्टार्टनंतर पाथ बरोबर आलाय हे बघून झालं की जुन्या जागेवरच्या फाइल्स हाताने डिलीट करा, एसक्यूएल त्या स्वतः काढत नाही, आणि सी ड्राइव्हवरची जागा तशीच अडकून राहते.

रीस्टार्ट दाबायच्या आधी पाथ एक एक अक्षर वाचून घ्या. क्वेरी चालवताना एसक्यूएल तो फोल्डर खरंच आहे का ते तपासत नाही, आणि रीस्टार्टला टेम्पडीबी बनवता आली नाही तर सर्व्हिस उठतच नाही. उठली नाही तर घाबरून रीइन्स्टॉलकडे वळू नका. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा, नेट स्टार्ट एमएसएसक्यूएलसर्व्हर /एफ /टी३६०८ असं चालवा, म्हणजे सर्व्हर किमान सेटिंगवर फक्त मास्टर घेऊन उठतो. मग एसक्यूएलसीएमडी या कमांड लाइनच्या टूलने आत शिरून, सेव्ह करून ठेवलेले पाथ बघून तीच अल्टर डेटाबेस बरोबर पाथने परत चालवा, सर्व्हिस थांबवा, नेहमीसारखी सुरू करा. या मोडमध्ये एकच कनेक्शन आत येतं, त्यामुळे ईआरपीची सर्व्हिस आणि एसक्यूएल एजंट आधी बंद ठेवा नाहीतर ती एक सीट तेच पटकावतात आणि तुम्ही बाहेर.

अँटीव्हायरसमध्ये एमडीएफ, एनडीएफ, एलडीएफ या एक्स्टेन्शनना आणि नवीन फोल्डरला वगळा.

क्लाउडवाल्यांसाठी: अझूरच्या विंडोज व्हीएमवर डी ड्राइव्ह बहुतेक वेळा तात्पुरता लोकल एसएसडी असतो, फास्ट असतो, टेम्पडीबीला मस्त. पण व्हीएम डिॲलोकेट केली की तो कोरा होऊन येतो, फोल्डर गेला की वरचंच रामायण. एडब्ल्यूएसच्या इन्स्टन्स स्टोअरचंही तेच, स्टॉप करून स्टार्ट केलं की रिकामा. तिथे स्टार्टअपला आधी फोल्डर बनवून, परवानगी देऊन, मग एसक्यूएल सुरू करणारी छोटी स्क्रिप्ट टास्क शेड्युलरमध्ये लावा आणि एसक्यूएलची सर्व्हिस ऑटोमॅटिकवरून मॅन्युअलवर टाका.

लॉग फाइल

एकच. लॉगमध्ये एकापुढे एक असंच लिहिलं जातं, दुसरी लॉग फाइल जोडून वेग वाढत नाही.

श्रिंक करायचा मोह

टेम्पडीबी ६० जीबी झाली म्हणून कोणीतरी रोज रात्री श्रिंकचा जॉब लावून ठेवलेला असतो. तिला ६० लागले म्हणूनच ती ६० झाली, रात्री कापली की उद्या परत वाढणार आणि वाढतानाचा त्रास यूजरना होणार. त्यात अजून एक मेख आहे: डीबीसीसी श्रिंकफाइलने तुम्ही जी साइज दिली तीच पुढे ठरवलेली साइज म्हणून नोंदली जाते, म्हणजे रीस्टार्टनंतरही ती तिथूनच सुरू होणार. आठपैकी एकाच फाइलवर कोणी श्रिंक चालवली की तुमची बरोबरीची मांडणी गेलीच. कोणी एका रात्री भलतीच क्वेरी मारून २०० जीबीपर्यंत फुगवली असेल तर एक वेळ ठीक, तेव्हाही रीस्टार्ट शक्य असेल तर रीस्टार्टच करा, ठरवलेल्या साइजला ती आपोआप येते.

फाइल्स लावून झाल्या, तरी भरतेच

मग बघायचं कोण भरतंय. टेम्पडीबीत जाऊन सिस.डीएम_डीबी_फाइल_स्पेस_यूसेज चालवा, त्यात जागा चार भागांत दिसते: यूजर ऑब्जेक्ट, इंटर्नल ऑब्जेक्ट, व्हर्जन स्टोअर आणि मोकळी.

यूजर ऑब्जेक्ट मोठा असेल तर कोणीतरी भलीमोठी टेम्प टेबल्स बनवतंय. सिस.डीएम_डीबी_सेशन_स्पेस_यूसेजमध्ये सेशननुसार घेतलेली पेजेस वजा सोडलेली पेजेस असं काढा, वरचे दोन-तीन सेशन बघितले की नाव कळतं. रिपोर्टच्या प्रोसिजरमध्ये सिलेक्ट स्टार करून अख्खं व्यवहाराचं टेबल टेम्प टेबलात ओतलेलं असतं, लागणारे कॉलम चार. तेवढे चारच घ्या. प्रोसिजरमध्ये टेम्प टेबल बनवल्यावर नंतर त्याला अल्टर करणं किंवा कन्स्ट्रेंटला स्वतःचं नाव देणं टाळा, तसं केलं की एसक्यूएल ते टेबल पुढच्या वेळेसाठी कॅशमध्ये ठेवत नाही आणि दर वेळी नव्याने बनवतो, म्हणजे परत नोंदवहीवरची गर्दी.

इंटर्नल ऑब्जेक्ट मोठा असेल तर सॉर्ट आणि हॅश सांडतायत. हे काम चालू असतानाच दिसतं ते सिस.डीएम_डीबी_टास्क_स्पेस_यूसेजमध्ये, सेशनच्या व्ह्यूमध्ये काम संपल्याशिवाय येत नाही. क्वेरी ॲक्च्युअल एक्झिक्यूशन प्लॅन चालू करून मारा, सॉर्ट किंवा हॅशच्या चित्रावर पिवळा त्रिकोण दिसला की तिथे सांडतंय. पहिला उपाय स्टॅटिस्टिक्स अपडेट करणं, कारण रो किती येणार याचा अंदाज चुकला की मेमरी कमी मागितली जाते. इंडेक्सचा विचार त्यानंतर.

व्हर्जन स्टोअर मोठं असेल तर कुठेतरी एक ट्रान्झॅक्शन तासन्‌तास उघडं आहे. जोवर ते बंद होत नाही तोवर जुन्या रोंची साफसफाई अडते. कुठल्या डेटाबेसमुळे वाढतंय ते सिस.डीएम_ट्रॅन_व्हर्जन_स्टोअर_स्पेस_यूसेज सांगतं, हा व्ह्यू २०१७ मध्ये आहे आणि २०१६ ला सर्व्हिस पॅक २ नंतर. सिस.डीएम_ट्रॅन_ॲक्टिव्ह_स्नॅपशॉट_डेटाबेस_ट्रान्झॅक्शन्समध्ये इलॅप्स्ड_टाइम_सेकंड्स उलट्या क्रमाने लावा, सगळ्यात वरचं सेशन गुन्हेगार. बऱ्याचदा तो कोणीतरी बिगिन ट्रान टाकून जेवायला गेलेला सहकारी असतो. किल करायच्या आधी त्याला फोन करा, त्याने आत मोठं अपडेट केलेलं असेल तर रोलबॅकलाच तेवढा वेळ जाईल.

पहारा ठेवायला परफॉर्मन्स मॉनिटरमध्ये ट्रान्झॅक्शन्स या ऑब्जेक्टखाली "फ्री स्पेस इन टेम्पडीबी" आणि "व्हर्जन स्टोअर साइज" हे दोन काउंटर आहेत. एसक्यूएल एजंटमध्ये परफॉर्मन्स कंडिशन अलर्ट बनवून पहिल्यावर मेल लावा. आकडा केबीत द्यायचा असतो, १० जीबीला १,०४,८५,७६० टाका.

सगळं करूनही पेजलॅच दिसत असेल आणि पेज नंबर पीएफएस-जीएएमचा नसेल, तर गर्दी टेम्पडीबीच्या आतल्या सिस्टिम टेबल्सवर आहे, सेकंदाला शेकडो टेम्प टेबल्स बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये होतं हे. २०१९ पासून ती टेबल्स मेमरीत ठेवायची सोय आहे, अल्टर सर्व्हर कॉन्फिगरेशन सेट मेमरी_ऑप्टिमाइज्ड टेम्पडीबी_मेटाडेटा = ऑन, आणि रीस्टार्ट. पण ते एंटरप्राइज एडिशनमध्येच चालतं, स्टँडर्डवाल्यांनी यात वेळ घालवू नये. आणि चालू केलं की टेम्प टेबलवर कॉलमस्टोअर इंडेक्स बनवता येत नाही, तेवढं सॉफ्टवेअरवाल्याला विचारून घ्या. नुसत्या पीएफएस-जीएएमच्या गर्दीने हैराण असाल तर व्हर्जन वाढवणं हाही उपाय आहे, २०१९ मध्ये पीएफएसवरचे आणि २०२२ मध्ये जीएएम-एसजीएएमवरचे बदल एका वेळी अनेकांना करता येतील असं केलंय, एडिशन कुठलीही असो. जुन्या २०१२ किंवा २०१४ वर असाल तर रॅमच्या कोटेशनआधी अपग्रेडचं कोटेशन मागवा.